मु. पो. घर

१ जूनला सकाळी पुणे स्टेशनावर जी मंडळी हार आणि केक घेऊन जमतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना कुठेही जायचं नसतं. इंजिनाला फुलांच्या माळा चढतात, फोटो निघतात, कुणीतरी पेढे वाटतं आणि सव्वासातला डेक्कन क्वीन मुंबईकडे निघून जाते. १९३० साली याच तारखेला ती पहिल्यांदा धावली, त्याचा हा वाढदिवस. पासवाले गाडीबरोबर जातात. फलाटावर उरतात ते नुसते फलाट-तिकीटवाले. यंदा त्या उरलेल्यांत मी होते. शेजारच्या आजोबांनी कागदी बशीतला केक माझ्यापुढे केला आणि विचारलं, "तुम्ही नाही गेलात?" मी गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. "मी बत्तीस वर्षं रोज गेलो," ते म्हणाले. "आता फक्त पोचवायला येतो."

माझ्या गुडघ्याची गोष्ट छोटी आहे आणि तिच्यात दोष असलाच तर माझ्या झिजलेल्या बुटांचा. फेब्रुवारीत केळदकडून मढे घाट उतरताना सुट्या मुरमावरून पाय गेला. डॉक्टरांनी आठ महिने डोंगर बंद केले, लांबचा प्रवास बंद केला आणि जिनेसुद्धा मोजून चढायला सांगितले. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला मनातून बरंच वाटलं असावं. "पायाला भिंगरी होती ना, आता ठेव ती फडताळात," असं ती म्हणाली आणि पुढचे आठ महिने मी घरात दिसत राहीन या कल्पनेनं लगेच पोळ्यांची कणीक जास्त भिजवायला लागली.

घरात अडकलेला प्रवासी जुने फोटो बघत सुस्कारे टाकतो, असा एक समज आहे. माझाही होता. फोटो दोन आठवड्यांत संपले. खरं सांगायचं तर त्यांतले निम्मे कशाचे आहेत तेच आठवेना. फ्रिजवरच्या चुंबकांबद्दल न बोललेलं बरं. बाजारात घेतली तेव्हाही ती आवडली नव्हती. मग मी माझ्यासारख्या लोकांना विचारत सुटले, की तुम्ही एरवी, म्हणजे वर्षातले ते तीनशे-साडेतीनशे दिवस, करता काय? गुडघ्यामुळे काही गाठी फोनवर झाल्या, काही रिक्षाच्या अंतरात.

डोंबिवलीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं नाव मित्राकडून कळलं होतं. पहिल्याच फोनवर त्यांनी बजावलं, "साडेनऊच्या आत करत जा. नंतर मी गाडीत असतो."

गाडी म्हणजे वेळापत्रक. त्यांच्याकडे रेल्वेची जुनी वेळापत्रकं आहेत, चाळीसेक. जेवण झालं की एक उघडायचं, गाव ठरवायचं आणि निघायचं. त्यांची आवडती वाट १९७०च्या दशकातली आहे : मुंबईहून ब्रॉडगेजने मिरज, तिथे उतरून मीटरगेजची गाडी, मग बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे, मडगाव. त्या काळी मिरजेला तीन रुंदीचे रूळ एकत्र येत. तिसरे रूळ नॅरोगेजचे, पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारे. "एकाच स्टेशनात तीन मापांच्या गाड्या," ते सांगत होते, "शिंपी मंडळींना बरं वाटावं असं ठिकाण." कॅसलरॉकला ते दर वेळी जरा जास्त रेंगाळतात. १९६१ पूर्वी ते सीमेवरचं स्टेशन होतं. पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य, त्यामुळे सामानाची झडती. त्यांच्या वडिलांनी ती झडती दिलेली आहे. आईच्या माहेरच्या आंब्याच्या पेटीपायी तिथे काय घडलं, हे मला त्यांनी दोन वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा वेगळं सांगितलं.

या खेळाचे नियम कडक आहेत. पान उलटून थेट मुक्कामाला पोचायचं नाही. मधलं प्रत्येक स्टेशन वाचायचं. आणि जंक्शनवर जोडगाडीला जितका वेळ असेल तितका वेळ खरोखर थांबायचं. "मिरजेला पाऊण तास असला तर पाऊण तास. त्या वेळात मी दुसरं काही वाचत नाही. चहा करून घेतो." मागून बाईंचा आवाज आला, "आणि गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी आमच्यावर चिडतात."

त्यांनी एका संग्राहकाकडे ब्रिटिश काळातलं एक ब्रॅडशॉ, म्हणजे रेल्वेचं छापील वेळापत्रक, हाताळलं होतं. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला फिलिआस फॉग ऐंशी दिवसांत जगाला वळसा घालायला निघतो, तेव्हा त्याच्या काखोटीला असतं तेच ब्रॅडशॉ, फक्त हे हिंदुस्थानातल्या गाड्यांचं. त्यातल्या वेळा मद्रासच्या वेळेप्रमाणे दिलेल्या. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, त्याआधी रेल्वे मद्रासचं घड्याळ मानत असे आणि ते मुंबईच्या घड्याळाच्या सुमारे अर्धा तास पुढे. म्हणजे मुंबईकर स्वतःच्या घड्याळावर विसंबून निघाला तर त्याची गाडी हमखास चुकणार. हे सांगताना त्यांना झालेला आनंद फोनच्या तारेतूनही, तार नसली तरी, ऐकू येत होता.

आता वेळापत्रक मोबाइलवर येतं. हवी ती गाडी विचारली की फक्त ती गाडी. न विचारलेल्या गाड्यांची गंमत त्यात नाही, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. लगतच्या रकान्यातली अनोळखी पॅसेंजर कुठे जाते हे बघण्यासाठीच तर माणूस छापील पान उघडतो.

इथे वाचणारा कुणी जाणकार झाविए द मेस्त्रची आठवण काढेल. सार्डिनियाच्या सैन्यातल्या या अधिकाऱ्याला १७९०मध्ये तुरीनला द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल ४२ दिवस खोलीत डांबलं होतं आणि त्यानं त्या खोलीचंच प्रवासवर्णन लिहिलं. पुस्तक प्रसिद्ध आहे. मला ते फारसं भावलं नाही. तो खुर्चीकडून पलंगाकडे आणि पलंगाकडून तसबिरीकडे जातो. आपल्याकडच्या वाडवडिलांच्या खोलीत एक खुंटी, एक फडताळ आणि गुंडाळलेली वळकटी. त्यांचा प्रवास दीड पानात संपला असता.

मी स्वतः रमले ती नकाशात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० मापाचे नकाशे माझ्याकडे नळीत गुंडाळून पडले होते. दोन सेंटीमीटरला एक किलोमीटर. दर वीस मीटर चढाला एक तपकिरी समोच्च रेषा. जुन्या क्रमवारीत पुणे शहर ४७ एफ/१४वर येतं, त्याच्या खालच्या १५वर सिंहगड. तोरण्याहून राजगडाला जायचं तर ११ आणि १२ हे दोन नकाशे एकाखाली एक लावावे लागतात. त्या दोन गडांना जोडणारी डोंगराची सोंड नेमकी कागदाच्या कडेवर कापली जाते. इतक्या वेळा ती वाट चाललेय, पण ती दोन कागदांत विभागलेली आहे हे मला घरी बसल्यावर कळलं.

जेवणाचं टेबल रिकामं करून मी नकाशे पसरायची आणि शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायची. पायवाटेच्या तुटक रेषेवर दोरा वळणावळणानं बसवायचा, चिमटीत धरून उचलायचा, पट्टीवर ताणायचा. सतरा सेंटीमीटर म्हणजे साडेआठ किलोमीटर. मग चढ मोजायचा. रेषा विरळ असतील तिथे पठार. दाट होत गेल्या की दम लागणार. एकमेकींना चिकटल्या की तिथे पायाची नाही, हातांची वाट. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, उपांड्या घाट ही नुसती नावं वाचूनही पोटऱ्या भरून येतात. नाळ, खिंड, दांड, माची, सोंड, टेपाड असे डोंगराच्या प्रत्येक बाकाला आपल्याकडे शब्द आहेत आणि शहरात राहून त्यांतला एकही आठवडाभर तोंडात येत नाही.

एके दिवशी दोरा मढे घाटावर आला. मी पडले ती जागा शोधायला भिंग लागलं. तिथे पाच रेषा इतक्या जवळ आल्यात की छापताना शाई सांडली असं वाटावं. बावीस वर्षं माझ्याकडे असलेल्या कागदावर ते लिहिलेलं होतं. मी त्या दिवशी तो नळीतून बाहेरही काढला नव्हता. मोबाइलवरची निळी रेघ पुरेशी वाटली होती.

कोथरूडला एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या घरी फोटोची एकही चौकट नाही. आहेत त्या प्रवासातून आणलेल्या चवींच्या बरण्या. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे जाऊया?" मी काश्मीर म्हटलं. त्यांनी चहाची वेगळी पत्ती काढली, पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला आणि ते पाणी गडद तांबडं होईपर्यंत उकळत ठेवलं. अर्धा तास झाला तरी चहाचा पत्ता नाही. मग त्यांनी ओगराळ्यानं ते उंचावरून ओतून, पुन्हा भरून, पुन्हा ओतून चांगलं घुसळलं, दूध घातलं आणि भांड्यातला रंग गुलाबी झाला. साखरेऐवजी मीठ. नून चाय. "पहिला घोट सगळ्यांना औषधासारखा लागतो," त्या म्हणाल्या. मला तिसराही तसाच लागला. पण तो सोहळा मी पुन्हा बघेन.

त्यांच्या फडताळातलं माझं आवडतं शेजारपण म्हणजे कोकम आणि कुडमपुळी. केरळातल्या मासळीच्या कालवणातली ती काळी, धुरकट वासाची आंबट फोड आपल्या कोकमाची सख्खी भावकी. दोन्ही गार्सिनिया प्रजातीतल्या झाडांची फळं, एक उन्हात वाळवलेलं, दुसरं धुरावर. बाई आमसुलाच्या जागी कुडमपुळी घालून आमटी करतात आणि जेवणाऱ्याला सांगत नाहीत. तोंड वाकडं झालं की अंतर कळतं.

एकदा मात्र प्रवास अंगाशी आला. नागालँडहून त्यांनी अखुनी आणली होती. आंबवलेलं सोयाबीन. चव अप्रतिम, वास मात्र असा की याच वासावरून दिल्लीच्या भाड्याच्या घरांत होणाऱ्या महाभारतावर २०१९ साली 'अखुनी' नावाचा सिनेमाच निघाला. कोथरूडात महाभारत दहा मिनिटांत सुरू झालं. वरच्या मजल्यावरून निरोप आला, ड्रेनेज तुंबलंय का? सोसायटीनं प्लंबर बोलावला. बाईंनी गॅस बंद केला, दार उघडलं आणि प्लंबरला सगळीकडे मनापासून शोधू दिलं. "त्याला दोनशे रुपये मीच दिले," त्या म्हणाल्या. "प्रवासखर्च."

या साऱ्यात मला आजीची राहून राहून आठवण येत होती. ती आयुष्यात चार वेळा लांब गेली असेल. पण प्रवासाचं शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं. निघताना हातावर दही. "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. परतलेल्याच्या पायावर उंबऱ्याबाहेरच पाणी आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा. आणि सगळ्यांत मजेशीर म्हणजे प्रस्थान ठेवणं. पंचांगातला चांगला मुहूर्त आज, पण आज निघणं जमत नाही. कापणी आहे, पाहुणे आहेत, गाडी परवाची आहे. मग काय करायचं? पंचा, सुपारी, थोडे तांदूळ असं एक बोचकं बांधायचं आणि मुहूर्तावर शेजारच्या घरी ठेवून यायचं. झालं, माणूस निघाला. पुढचे दोन-तीन दिवस तो घरातच जेवतो, झोपतो, भांडतो. पण शास्त्राच्या हिशेबी तो प्रवासात असतो. खरं निघताना ते बोचकं उचलायचं आणि पुढे व्हायचं.

दुसऱ्या टोकाला मावंदं. काशीहून आलेल्यानं आणलेल्या गंगेची पूजा आणि गावजेवण. मावंदं झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या आगेमागे दक्षिणेच्या आशेनं काकांबरोबर उत्तरेला गेले, बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, झाशीचा वेढा पाहून जिवानिशी सुटले आणि परत आले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली. घडल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी! एवढी वर्षं तो प्रवास घरी, ओटीवर, सांगून सांगून मुरत राहिला असणार. आजकाल आपण विमान उतरायच्या आत सगळं सांगून टाकतो. माझ्या मते यात प्रवासाचं नुकसान होतंच, पण त्याहून जास्त घरच्यांचं. त्यांना सांगायला काही उरतच नाही.

साताऱ्याच्या एका जोडप्यानं मावंद्याला वेगळीच वाट काढली आहे. दोघांनी पायी नर्मदा परिक्रमा केली. काठावरच्या गावांत परिक्रमावासीयाला सदाव्रत मिळतं. पीठ, डाळ, मीठ हातात देतात, आपण शिजवून खायचं. काही ठिकाणी तर हात धरून जेवायलाच बसवतात. "ज्यांनी वाढलं त्यांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. मग फेडायचं कुणाचं?" फोनवर काका म्हणाले. म्हणून आता महामार्गावरून जाणाऱ्या सायकलस्वारांना ते रात्रीपुरती ओसरी देतात. कुणी काश्मीरहून कन्याकुमारीला निघालेलं, कुणी जर्मनीहून. काकू सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. मी विचारलं, भाषा? "भूक लागलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं?" आणि मग खालच्या आवाजात, "तो जर्मन मुलगा ठेचा खाऊन रडला. मी घाबरले. तो म्हणे, अजून द्या."

शेवटची गाठ धायरीत, मुलाकडे राहणाऱ्या एका निवृत्त एसटी कंडक्टरांशी पडली. वय अठ्ठ्याहत्तर. डेक्कन क्वीनचा वाढदिवस मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आमचापण तोच की!" खरंच. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ साली १ जूनलाच पुणे-अहमदनगर धावली. "तुमच्या राणीला केक, आमच्या लालपरीला हारसुद्धा कधीतरीच."

वेल्ह्याच्या मार्गावर त्यांची बरीच नोकरी झाली. थांबे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. चेलाडी, नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर... म्हणताना उजव्या हाताचा अंगठा आपोआप चिमटा दाबल्यासारखा हलतो. तिकिटाचा पत्र्याचा डबा कपाटात आहे. त्यात आता नातवाचे खडू. त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात मोठा भाग मुक्कामी गाडीचा होता. संध्याकाळची शेवटची फेरी डोंगराखालच्या गावात जाते आणि तिथेच राहते, ती मुक्कामी. देवळापुढे गाडी लावायची. कुणाच्या तरी घरून कोरड्यास-भाकरी यायची. ड्रायव्हर खालच्या बाकावर, हे मागच्या लांब बाकावर. पावसाळ्यात टपावर रात्रभर ताशा. पहाटे पाचला हॉर्न दिला की अंधारातून दुधाचे कॅन, शाळेची पोरं, बाळंतपणाला निघालेली लेक, एकेक करून माणसं उगवायची.

"मग प्रवास खूप झाला असेल," मी म्हटलं.

"प्रवास कुठला? नोकरी झाली. तुमी सुटी काढून भायेर जाता. आमी सुटी काढून घरी यायचो." निवृत्तीनंतर त्यांनी एसटीचाच 'आवडेल तेथे प्रवास' हा सात दिवसांचा पास काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा खिडकीशी बसले. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना २०२२पासून एसटीत तिकीट लागत नाही, म्हणून आता त्यांनाही लागत नाही. तरी फारसे जात नाहीत. कारण विचारल्यावर त्यांनी खोलीतल्या पलंगाकडे बोट केलं. रोज एकाच जागी झोपायचं, पहाटे पाचला जाग यायची, हॉर्न द्यायचा नाही, कुणी चढायचं नाही, आणि पुन्हा कुशीवर वळायचं. "ह्याची अजून सवय न्हाई झाली. चांगलं वाटतं."

ऑक्टोबर लागला तसे गच्चीवर चतुर आले. पिवळसर-सोनेरी, अंगावर न बसणारे, हवेतच तरंगणारे. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं २००९मध्ये मांडलं, की पाऊस सरल्यावर भारतातून निघणारे हे किडे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. जाऊन-येऊन चक्र पुरं व्हायला त्यांच्या काही पिढ्या लागतात. निघतो एक, परततो त्याचा पणतू. मी वाळत घातलेल्या साडीच्या वर त्यांतले वीस-पंचवीस घिरट्या घालत होते आणि खालून आई ओरडत होती, की जिना उतरताना कठड्याला धर.

गेल्या सोमवारी डॉक्टरांनी गुडघा वाकवून, सरळ करून, पुन्हा वाकवून पाहिला आणि सपाटीवर चालायला हरकत नाही म्हणाले. डोंगर पुढच्या महिन्यात, तोही छोटा. घरी आल्यावर मी पंचांग पाहिलं. आपला त्यावर विश्वास आहे असं नाही. आजीच्या जुन्या पंच्यात एक सुपारी, मूठभर तांदूळ आणि घडी घातलेला ४७ एफ/१२ बांधला आणि एकेक पायरी मोजत खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांना प्रस्थान माहीत होतं. त्यांच्या सासूबाई ठेवायच्या. त्यांनी बोचकं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुकरच्या शेजारी ठेवलं.

"गाडी कधीची?" त्यांनी विचारलं.

"तिकीट अजून काढलेलं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या, "मग चहा घेऊनच जा."